कोठ्यातली जीप : किती जपायची, किती बदलायची

पोळ्याला आणि दिवाळीला बाहेरगावची मंडळी तिगावला आली की एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. आजोबांच्या काळातली जीप कोठ्यात उभी आहे, टायर बसले आहेत, बोनेटवर कडब्याच्या पेंढ्या रचल्या आहेत. तिचे काय करायचे? घरात तीन मते असतात. एक जण म्हणतो, भंगारवाल्याला द्या, पंधरा वर्षांनंतर गाडी चालवताच येत नाही. दुसरा, बहुधा नागपूरला किंवा पुण्याला नोकरी करणारा, म्हणतो, डिझेल इंजिन टाकू, रुंद टायर टाकू, मस्त दिसेल. तिसरे मत आजीचे असते: त्यांची गाडी आहे, आहे तशी राहू द्या.

आम्ही काही जणांनी अशा जीप पुन्हा रस्त्यावर आणल्या आहेत आणि त्यात चुकाही केल्या आहेत. त्यावरून सांगतो, तिन्ही मतांत थोडी थोडी गफलत आहे. पंधरा वर्षांची गोष्ट आपल्या भागात खरी नाही. इंजिन बदलणे दिसते तेवढे सोपे नाही, आणि एकदा बदलले की काही दारे कायमची बंद होतात. नुसती उभी ठेवलेली गाडीही जपली जात नाही, ती आतून गंजत जाते. म्हणून आधी काय करायचे, नंतर काय करायचे, आणि काय अजिबात करायचे नाही, ते एकदा नीट लिहून ठेवतो.

ही गाडी आली कुठून

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्ध संपता संपता ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरातील विलीस कंपनीने तीच गाडी शेतकऱ्यांसाठी काढली आणि तिला सीजे, म्हणजे सिव्हिलियन जीप, असे नाव दिले. इकडे मुंबईत १९४५ मध्ये महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी स्थापन झाली होती. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. विलीसच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडणी सुरू झाली आणि पुढे ते भाग इथेच बनू लागले. आपल्याकडे उंच बोनेटची जी जुनी पेट्रोल जीप दिसते, ती सीजे-३बी. अमेरिकेत ती १९५३ ते १९६८ एवढीच बनली. आपल्याकडे मात्र ती त्यानंतरही बरीच वर्षे कारखान्यातून बाहेर पडत होती.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मुलांना जुनी गाडी म्हटले की ‘मसल कार’ आठवते. १९६४ ची पोंटियाक जीटीओ, १९६६ ची डॉज चार्जर, अशा मध्यम आकाराच्या अंगात आठ सिलेंडरचे मोठे इंजिन बसवलेल्या गाड्या. आपल्या रस्त्यांवर त्या आल्या नाहीत. आपल्या वाट्याला आलेली जुनी अमेरिकन म्हणजे ही जीपच. पण तिकडच्या हौशी लोकांत जो वाद चालतो, तोच आपल्या घरात चालतो: गाडी कारखान्यातून आली तशी ठेवायची, की नवे इंजिन आणि नवे ब्रेक टाकून रोज वापरायची? तिकडे मूळ क्रमांकाचे इंजिन शाबूत असलेल्या गाडीला जास्त किंमत मिळते. आपल्याकडे किमतीपेक्षा कायद्याचा भाग मोठा आहे. त्याकडे शेवटी येऊ.

आधी ओळख, मग पाना

पाना हातात घेण्याआधी आपली जीप कोणती ते बघा. उंच बोनेट, समोर जाळीत सात उभ्या फटी, तीन गिअर आणि गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे असतील तर ती सीजे-३बी किंवा तिची सख्खी बहीण. तिचे मूळ इंजिन सुमारे २.२ लिटरचे, चार सिलेंडरचे पेट्रोल. त्यात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. बोनेट उंच आहे ते याच हेडसाठी. १९८० नंतरची एमएम ५४० असेल तर तिचे मूळ इंजिनच डिझेल आहे, प्यूजो घराण्याचे, सुमारे २.१ लिटरचे. ती डिझेलवर चालते म्हणजे कोणी इंजिन बदलले, असे समजू नका.

चॅसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक घासून स्वच्छ करा, फोटो काढा आणि आरसी बुकाशी ताडून पाहा. दोन्ही जुळले तर निम्मी लढाई जिंकली. इंजिन क्रमांक जुळला नाही तर खर्च सुरू करण्याआधी थांबा आणि हा लेख शेवटपर्यंत वाचा.

उभ्या गाडीला जागे करताना

वर्षानुवर्षे बंद असलेल्या इंजिनाला बॅटरी लावून थेट सेल्फ मारणे ही सर्वांत महाग पडणारी चूक. रिंगा सिलेंडरला चिकटलेल्या असतात आणि पहिल्याच झटक्यात तुटतात. आधी चारही प्लग काढा, प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर तसेच राहू द्या. दुसऱ्या दिवशी समोरून हँडल लावून हाताने फिरवा. हँडल फिरत नसेल तर जोर करू नका, पुन्हा ऑइल सोडून एक दिवस थांबा.

जुने पेट्रोल काढून टाका. टाकी उतरवून आतला गंज धुवा आणि नवा फिल्टर लावा. इंजिन ऑइल सुरू करण्याआधीच बदला, सुरू केल्यावर नव्हे. एअर क्लीनर ओल्या प्रकारचा असतो, म्हणजे खाली वाटीत ऑइल असते. ती वाटी कापसाच्या आणि रस्त्याच्या धुळीने भरलेली सापडेल. वायरिंगमध्ये उंदराचे घर आहे का ते बघा. ही गंमत नाही, आग लागण्याचे एक कारण आहे. प्लगमधले अंतर ०.०३० इंच, कॉन्टॅक्ट पॉइंटमधले ०.०२० इंच आणि फायरिंगचा क्रम १-३-४-२ एवढे सांभाळले की हे इंजिन सहसा रुसत नाही. खालच्या व्हॉल्व्हचे टॅपेट बाजूचे झाकण काढून बघावे लागतात. पुष्कळ ठिकाणी वरचे तेवढे तपासून झाकण लावून टाकतात. तुम्ही समोर उभे राहा आणि खालचेही करून घ्या.

पहिला पैसा ब्रेकवर

इंजिन सुरू झाले की घरात आनंद होतो आणि पोरे गाडी घेऊन निघतात. इथेच सावध राहा. या जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि सगळ्यांना एकाच मास्टर सिलेंडरमधून, एकाच वाटेने दाब जातो. एका चाकाचा पाइप फुटला की चारही ब्रेक जातात. आमच्यापैकी एकाने हे उतारावर अनुभवले आहे. पायाखालचे पॅडल सरळ जमिनीला लागले, गाडी पहिल्या गिअरमध्ये ओढून बांधावर चढवली म्हणून निभावले. तिगाव-चिचोंडा हा रेल्वेचाही घाटाचा टप्पा आहे, आपल्याकडे उतार किती ते वेगळे सांगायला नको.

हँडब्रेकवरही भिस्त ठेवू नका. जुन्या जीपमध्ये तो चाकांना लागत नाही, गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टला लागतो. मधला क्रॉस किंवा एक्सल शाफ्ट तुटला तर तो ओढून उपयोग नाही.

म्हणून रंगावर, टायरवर, हुडवर रुपया घालण्याआधी सगळे रबरी पाइप, गंजलेले लोखंडी पाइप, चारही व्हील सिलेंडर आणि मास्टर सिलेंडरचा किट बदला. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, ते दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. नाल्यातून गाडी काढली की ड्रम ओले होतात. थोडे अंतर हलका पाय ठेवून ते वाळवा, मगच वेग घ्या.

उन्हाळा, पेट्रोल आणि वायर

आपल्या भागात मे महिन्यात पारा कुठे जातो ते माहीत आहे. गाडी तापली की अनेक जण थर्मोस्टॅट काढून फेकतात. त्याने रोग बरा होत नाही. थंडीत आणि पावसाळ्यात इंजिन पुरेसे गरमच होत नाही, ऑइलात गाळ होतो, झीज वाढते. खरा दोष बहुतेक वेळा रेडिएटरमध्ये असतो. विहिरीचे जड पाणी भरून भरून नळ्यांत क्षार बसलेले असतात. रेडिएटर उघडून साफ करा, इंजिनातल्या पाण्याच्या वाटा धुवा, पंखा आणि पट्टा बघा आणि पुढे साध्या पाण्याऐवजी कूलंट घाला.

दुसरी गोष्ट नवी आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. या जीपचा पेट्रोल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. त्या मऊ पडतात, चिरतात आणि गळतात. नळ्या आणि पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्या. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा. संत्र्याच्या तोडाईपुरती गाडी काढून बाकी वर्ष झाकून ठेवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

वायरिंग जुने असेल तर तुकडे जोडत बसू नका, पूर्ण नवे करा आणि प्रत्येक मुख्य लाइनला फ्यूज लावा. डायनमो काढून अल्टरनेटर बसवणे हा चांगला बदल आहे. रात्री दिवे मंद पडत नाहीत आणि जुना डायनमो ठेवून दिला तर उद्या परत लावता येतो.

छोटे दांडे कशासाठी

त्या दोन छोट्या दांड्यांपैकी एक पुढची चाके जोडतो, दुसरा ताकदीचा हळू गिअर देतो. पुढची आणि मागची चाके जोडलेली असताना दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. वळताना मात्र पुढच्या आणि मागच्या चाकांचे अंतर सारखे नसते. चिखलात चाक थोडे घसरून तो फरक निघून जातो. डांबरी रस्त्यावर तो निघायला जागाच नसते आणि सगळा ताण गिअर, क्रॉस आणि शाफ्टवर येतो. म्हणून चारही चाकांची ताकद वावरात आणि नाल्यात, रस्त्यावर नाही.

गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचे आणि मागचे हौसिंग या चारही ठिकाणचे ऑइल बघा. पावसाळ्यात नाले ओलांडणाऱ्या गाडीच्या ऑइलात पाणी शिरते, मग ते ताकासारखे दिसते. तसे दिसले की लगेच बदला.

बदल कोणते, किती

आमचा साधा नियम असा आहे: जो बदल उद्या काढून गाडी पूर्वीसारखी करता येते, तो विचार करण्यासारखा. जो बदल करायला चॅसी कापावी लागते, बॉडी कापावी लागते किंवा मूळ इंजिन विकावे लागते, त्याला आधी नाही म्हणा आणि मग विचार करा.

सीट बेल्ट, चांगले दिवे, अल्टरनेटर, दोन वाटांचा मास्टर सिलेंडर हे जीव वाचवणारे बदल. दोन वाटांच्या सिलेंडरमध्ये एक वाट फुटली तरी दुसऱ्या वाटेवरची चाके थांबतात. हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्या आणि करण्याआधी आरटीओत विचारा.

रुंद, मोठे टायर हा सर्वांचा आवडता बदल. या जीपचा मूळ टायर ६.००-१६, म्हणजे अरुंद आणि सुमारे २८ इंच उंच. त्या जागी ३१ इंची टायर टाकला की स्पीडोमीटर ताशी ५० दाखवतो तेव्हा गाडी ५५ ने पळत असते. ब्रेक मात्र तेच, जुने. स्टिअरिंग जड होते, त्याच्या बॉक्सला आणि चाकांच्या बेअरिंगला जास्त भार पडतो. गाडी दिसते दणकट, पण थांबते उशिरा.

वेगाचाही हिशोब करा. मूळ टायर आणि ५.३८ च्या मूळ गिअर प्रमाणावर ताशी ७० ला इंजिनाचे मिनिटाला सुमारे २८०० फेरे होतात आणि ताशी ९० ला ३६००. या इंजिनाची कमाल ताकद ४००० फेऱ्यांना येते, म्हणजे ९० ला ते जवळजवळ शेवटच्या दमावर असते. नागपूरच्या महामार्गावर मागून कोणी कितीही हॉर्न वाजवो, डाव्या बाजूने साठ-सत्तरने चला. गाडी तेवढ्यासाठीच बनली आहे.

राहिले डिझेल इंजिन. १९७३ नंतर पेट्रोल महागत गेले, तेव्हा अनेकांनी नाइलाजाने पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवले. शेतकऱ्याला गाडी चालवायची होती आणि त्या वेळी ते शहाणपणाचेच होते. आज तोच बदल हौसेसाठी करायचा तर त्याची किंमत समजून घ्या. डिझेल इंजिन जड, त्याचा थरथराट जास्त. पुढचे पाटे बसतात, माउंटिंगजवळ चॅसीला चिरा पडू शकतात आणि तीन गिअरचा जुना गिअरबॉक्स कमी वेगातल्या जास्त ओढीने लवकर झिजतो. मूळ इंजिन नीट बांधून घेणे पुष्कळदा यापेक्षा स्वस्त पडते.

कागद : इथेच गाड्या मरतात

गंजाने जितक्या जीप जातात तितक्याच कागदांनी जातात. म्हणून मुद्दे एकेक करून लिहितो.

*पंधरा वर्षे.* डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची बंदी हा दिल्ली परिसराचा विषय आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या ज्या गाड्यांची नोंदणी थांबली, त्या सरकारी. खासगी गाडीची तपासणी करून नोंदणी दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवता येते. अर्ज फॉर्म २५ मध्ये. जुन्या गाड्यांची फी अलीकडे बरीच वाढली आहे, ती आधी विचारून घ्या. तिसऱ्या पक्षाचा विमा आणि पीयूसी लागतेच.

*आजोबांचे नाव.* मालक वारले की वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवून ३ महिन्यांत फॉर्म ३१ वर नाव बदलून घ्यायचे असते. पुष्कळ घरांत हे तीस वर्षांतही झालेले नसते. उशीर झाला असला तरी करा, आणि आज करा. सध्या भावाबहिणींच्या सह्या मिळतील. पुढच्या पिढीत वारस वाढतील, कोणी परदेशात असेल, आणि मग गाडी कोणाचीच राहणार नाही.

*दोन राज्ये.* आपण सीमेवरचे लोक. १९५६ च्या पुनर्रचनेआधी नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती, त्यामुळे फार जुने कागद तिकडचे निघू शकतात. नंतरचे कागद छिंदवाड्याचे, एमपी-२८ चे. पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला तो २०२३ मध्ये. वरूड, नरखेड किंवा नागपूरहून जुनी जीप आणलीत तर आधी तिथल्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना हरकत प्रमाणपत्र घ्या. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवली की तिथली नोंदणी घ्यावी लागते. ना हरकत प्रमाणपत्राशिवाय स्वस्तात मिळणारी जीप स्वस्त नसते.

*बदलांची परवानगी.* मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. जे बदल चालतात त्यांनाही आधी मंजुरी लागते आणि १४ दिवसांत आरसीवर नोंद करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. विनापरवानगी बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. रंगसुद्धा आरसीवर लिहिलेला असतो. आणि आरसीवर पेट्रोल, बोनेटखाली डिझेल अशी गाडी अपघातात सापडली तर विम्याचा दावा अडतो, तेव्हा घरदार पणाला लागते.

*व्हिंटेज नोंदणी.* जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नंबर पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुढच्या खेपेला ५,०००, मुदत १० वर्षे. अट एकच आणि मोठी: गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच काढता येते. म्हणजे बगीच्यात पेट्या वाहायच्या असतील तर साधी नोंदणीच ठेवा. पण आज मूळ इंजिन विकलेत तर व्हिंटेजचा रस्ता तुमच्या नातवंडांसाठीही बंद झाला, हे जाणून विका.

तर मग काय करायचे

आजीचे म्हणणे मानायचे, पण पुरते. गाडी आहे तशी ठेवायची म्हणजे चालती ठेवायची. दर पंधरा दिवसांनी सुरू करून वीस-पंचवीस मिनिटे गावाबाहेर फिरवून आणायची, नुसती जागेवर घुरघुरत ठेवायची नाही. भंगाराचे म्हणणाऱ्याला आरसी दाखवायची आणि मुदत वाढवून आणायला पाठवायचे. नागपूर-पुण्याच्या पोराचा उत्साह मोडायचा नाही, त्याला आधी ब्रेक आणि वायरिंगचा खर्च सोपवायचा. तेवढे त्याने केले की टायरबद्दल बोलू.

आणि गाडीतून जे काढाल ते फेकू नका. डायनमो, जुनी स्टिअरिंग, मोडका दिवा, सगळे ग्रीस लावून पोत्यात बांधा आणि पोत्यावर गाडीचा नंबर लिहा. या पोळ्याला गावी आलात की बोनेटवरच्या पेंढ्या बाजूला काढा, चॅसी क्रमांक घासा आणि आरसी कोणाच्या नावावर आहे ते बघा. सुरुवात तिथून होते, आणि तेवढ्याला एक पैसाही लागत नाही.